नवव्या मरणाचं हसू

३ डिसेंबर

माझा नवरा रोज पहाटेच्या बोटीने मरायला जातो आणि दुपार कलली की पिशवीत करिमीन मासे घेऊन परत येतो. सगळं आयुष्य सिनेमे जोडण्यात घालवलेल्या बाईला या वाक्याचं काही वाटायला नको, पण वाटतं खरं. म्हणून लिहून ठेवते. बोलायला घरात दुसरं कोणी नाही, आणि हे घरी आले की जेवून आडवे होतात.

सिनेमा जिष्णूचा आहे. पोराचा पहिलाच. वय एकोणतीस, दाढी पन्नाशीतली. यांना, शेखरेट्टनना, त्याने म्हातारा नावाडी केलंय, पाप्पी नावाचा. हा पाप्पी एका सकाळी होडीच्या धक्क्यावर मरतो आणि डोळे उघडतो तर पुन्हा तीच सकाळ, तेच धुकं, तोच कोंबडा. परत मरतो. परत तीच सकाळ. असा नऊ वेळा. मी गोष्ट ऐकली तेव्हा म्हटलं, "अरे, एकदा मरून लोकांचं भागत नाही का?" तर थोरल्या बहिणीला समजवावं तसा म्हणतो, "चेची, हा काळाचा प्रश्न आहे." काळाचा प्रश्न! कापायचं मला आहे, त्याला काय जातंय.

आज दुसऱ्या मरणाचं शूटिंग टेबलावर आलं. नारळ फोडताना पाय घसरून. बरं मेलेत. शॉटच्या शेवटी हसरा तुकडाही आहे. जागेवर आहे ना, ते मी आधी बघते. आमच्या धंद्यात कॅमेऱ्यासमोर मेलेल्या माणसाला मेलेला तसाच घरी पाठवत नाहीत. कॅमेरा चालूच ठेवायचा, मेलेल्याने उठून बसायचं आणि भिंगाकडे बघून हसायचं. मग दृष्ट काढायला कापूर, लिंबू, झालं. तो तुकडा सिनेमात जात नाही, पण एडिटरने तो जपायचा. सिनेमा लागेपर्यंत पुसायचा नाही. मी देवळात वर्षातून एकदा जाते, तेही प्रसादाच्या पायसमसाठी, पण हे मात्र पाळते.

६ डिसेंबर

जिष्णू तिसऱ्या आणि चौथ्या मरणाची डिस्क घेऊन आला. ओसरीत बसून केळ्याची भजी खात होता आणि शेखरेट्टनचं डोकं खात होता. यांना तो आशान म्हणतो, म्हणजे गुरुजी.

"आशान, बघा. पाप्पीला ठाऊक आहे की आपण धक्क्यावर मरणार. म्हणून तो होडी उलट्या दिशेला मारतो. धुक्यात दिशा चुकते आणि होडी लागते ती त्याच धक्क्याला. म्हणजे पळाला म्हणूनच पोचला!"

"नसता पळाला तर घरात मेला असता," मी आतून ओरडले.

"नाही ना चेची! पहिल्या खेपेला त्याला काहीच ठाऊक नव्हतं, तेव्हाही तो तिथेच मेला. म्हणजे त्याचं पळणंसुद्धा आधीच ठरलेलं. मग माणसाच्या हातात उरतं काय?"

"भजं," शेखरेट्टन म्हणाले आणि त्याच्या हातात आणखी एक ठेवलं.

मी हात पुसत बाहेर आले. म्हटलं, तुम्ही दोघं काळाच्या गप्पा मारता, काळ माझ्या टेबलावर रोज पसरलेला असतो. पडद्यावर एक लांब पट्टी. डाव्या टोकाला पाप्पी विडी पेटवतोय, उजव्या टोकाला मेलाय. दोन्ही एकाच वेळी तिथेच आहेत. विडी पेटवणाऱ्याला ठाऊक नसतं, मला असतं. आणि एकदा शेवट ठाऊक झाला ना, की मधलं काहीच सरळ दिसत नाही. तो भात खात असतो आणि मला भात दिसतच नाही, मरणच दिसतं. तो बायकोशी भांडतो, तर मला त्याची कीव येते. बिचाऱ्याचं धड भांडणही होत नाही माझ्या डोळ्यांसमोर.

जिष्णूने टाळी वाजवली. "हे मला सिनेमात पाहिजे!"

शेखरेट्टननी मात्र हातातलं भजं खाली ठेवलं. "असं होतं तुला?" म्हणाले. मग उठून हात धुवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. नळ मात्र वाहत होता. मी ओरडले तेव्हा बंद केला.

११ डिसेंबर

दिवसभर कानांवर हेडफोन. पाप्पी खोकला. मी तुकडा मागे घेतला, पुन्हा लावला. पुन्हा खोकला. पुसून टाकावा म्हणून शोधते तर पट्टीवर खोकला नाहीच. हेडफोन काढले. स्वयंपाकघरात शेखरेट्टन खोकत होते. हल्ली माझं असं होतंय. खिडकीबाहेर धुकं, पडद्यावर धुकं. एक नवरा टेबलावर मरतोय, दुसरा आत पुट्टू वाफवतोय, आणि कुठला आधीचा, कुठला नंतरचा, ते क्षणभर उमगत नाही. घाबरायला होत नाही, उलट बरं वाटतं. दुपारच्या झोपेतून अर्धवट जागं झाल्यावर वाटतं तसं.

यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते असंच. कोडंबाक्कमला, सिनेमावाल्यांच्या त्या वस्तीत, एडिटिंगच्या खोलीत मी मदतनीस होते, तुकडे नंबर घालून डब्यात ठेवायचं काम. कुठल्याशा मारामारीच्या सिनेमात हे प्रेत झाले होते. नाव नाही, संवाद नाही, नुसतं प्रेत. पण हसरा तुकडा यांचाही घेतलेला. चिखलात पडलेला हा माणूस उठून बसतो, नाकातला चिखल काढतो आणि असा हसतो, असा हसतो, की कॅमेरा धरणाऱ्याचाही हात हललाय. मी तो तुकडा मागे-पुढे, मागे-पुढे फिरवत राहिले. वरच्या साहेबांनी विचारलं, "ओमना, प्रेतात एवढं काय बघतेस?" मग एक दिवस तेच प्रेत हातात चहाचा पेला घेऊन खोलीच्या दारात उभं. मी ओळखीचं हसले. यांना वाटलं बाई वेडी आहे. यांनी मला कधी पाहिलेलंच नव्हतं ना.

तो तुकडा मी तेव्हा ढापला. शिवणाच्या डब्यात आहे अजून. आज उघडून बघितला तर दमट हवेने त्याचं वाटोळं झालंय. गुंडाळी चिकटलीय, आंबट वास येतो. उजेडात धरलं तरी कोणी दिसत नाही.

संध्याकाळी श्रीकला आली होती, यांची भाची, मोठ्या इस्पितळात नर्स आहे. ओणमलासुद्धा फोनवर भागवणारी पोरगी, या महिन्यात तिसऱ्यांदा आली. "अम्मावा, जेवलात का, अम्मावा, झोप लागते का." मामाचा एवढा पुळका अचानक? मी म्हटलं, "काय गं, लग्न जमवलंयस की काय परस्पर? मामाला फितवायला येतेस?" तर रडायलाच लागली. म्हणजे जमवलेलंच असणार. विचारीन सवडीने.

यांचे सदरे सैल व्हायला लागलेत. धोबी कापड ताणतो. बदलायला हवा.

१५ डिसेंबर

आज नववं मरण झालं. शेवटचा दिवस. मी गेले नव्हते, जिष्णूने फोनवर सांगितलं, तेही हुंदके देत.

खरं तर कागदावर नववं मरण होतं वीज पडून. शेखरेट्टननीच ते बदलायला लावलं. जिष्णूला म्हणाले, "आठ वेळा पळून झालं त्याचं. नवव्यांदा पळू नको देऊस. त्याला चहा पिऊ दे." म्हणून आता पाप्पी नवव्या सकाळी उठतो, चूल पेटवतो, बायकोला चहा देतो, स्वतः घेतो, सावकाश पितो, धक्क्यावर जाऊन फळीवर आडवा होतो. बस्स. एकाच शॉटमध्ये. जिष्णू म्हणतो, शेवटी धुकं आपोआप वर उचललं गेलं आणि मागून शाळेच्या मुलांची बोट आली. लाइटवाली माणसंसुद्धा रडत होती. मग कोहळा फोडला, सामान आवरलं, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले.

शेखरेट्टन आले ते पिशवी न घेता. "मासे?" म्हटलं तर म्हणाले, "आज मिळाले नाहीत." अंगावर पांघरूण घेऊन ओसरीतच झोपले.

१८ डिसेंबर

हसरा तुकडा नाही.

सकाळपासून तीनदा सगळी डिस्क पालथी घातली. आठ मरणं, आठ हसू. नववं मरण आहे, हसू नाही. पाप्पी फळीवर पडतो, धुकं उठतं, बोट येते, कोणीतरी "कट" म्हणतं आणि पट्टी संपते. पुढे काळं.

जिष्णूला फोन केला, तर म्हणाला, "अय्यो चेची! सगळे त्या शॉटमध्ये असे बुडालो होतो..." मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्याची आजी ऐकती तर तिनेही मला साथ दिली असती.

पण माझं कोडं वेगळंच आहे. प्रत्येक वेळी आठवण करून देणारे तर हेच. आठही तुकड्यांत यांचा आवाज आहे, पडल्या पडल्या म्हणतात, "माझं हसू घ्या रे, विसराल!" आणि नवव्याला स्वतःच विसरले?

१९ डिसेंबर

विचारलं. पेपर वाचत होते. म्हणाले, "राहिलं वाटतं."

"राहिलं वाटतं? परवा जिष्णू कॅमेरा घेऊन जाईल. बोटीने जायचं, फळीवर पडायचं, उठायचं, हसायचं, परत यायचं. दुपारच्या जेवणाला घरी."

"राहू दे ना ओमने."

"का राहू दे?"

त्यांनी पेपरची घडी घातली. "एक काम बाकी असलेलं बरं. ज्या नटाचा एक शॉट बाकी आहे ना, त्याला कोणी घरी पाठवत नाही. त्याचा चहा चालू राहतो, त्याची खुर्ची हलवत नाहीत. म्हणतात, याचं काम व्हायचंय अजून."

आळशीपणा नुसता! त्याला केवढा मुलामा! मी म्हटलं, "मेलेले तसेच घरी आलात तुम्ही, कळतंय का? मला तुमच्याकडे बघवत नाही."

"तसं नको बघूस मग," म्हणाले.

२४ डिसेंबर

शेजारच्या वर्गीसनी नाताळचा तारा लावलाय, कागदाचा, लाल. त्याचा उजेड खिडकीतून टेबलावर येतो आणि पाप्पीच्या धुक्यात गुलाबी डाग पडतो.

नववं मरण जोडतेय. काही घडतच नाही त्यात. चहा, चहा, नुसता चहा. चूल फुंकली, गूळ घातला, फुंकर मारली, घोट घेतला. कोणी बसेल का थिएटरात? मी निम्मं छाटलं आणि यांना दाखवलं. यांनी माझ्या कामात आजवर तोंड घातलेलं नाही. आज म्हणाले, "ओमने, तो चहा कापू नकोस."

"लोक उठून जातील."

"जाऊ देत. तू बस."

यांना काय झालंय कोण जाणे. गेल्या आठवड्यात मेकअपची पेटी नाटकमंडळींना देऊन टाकली. ती पेटी मला कधी पुसूसुद्धा दिली नव्हती. काल पाण्याच्या मोटरपाशी मला उभं केलं, "बघ, आधी हा खटका, मग हा, आणि आवाज फाटका आला तर लगेच बंद." मी म्हटलं, "तुम्ही आहात की." तर म्हणाले, "मी शूटिंगला गेलो असलो तर?" आता कुठलं शूटिंग? घरात केक आलाय, तोही चाखला नाही. एक शॉट बाकी ठेवून एवढी मिजास!

छाटलेला चहा परत जोडला. पण पटलेलं नाही.

३० डिसेंबर

आज भांडलो. म्हणजे मी भांडले.

रोज पट्टीच्या टोकाला आले की ते काळं येतं. तिथे यांनी उठायला हवं आणि हे उठत नाहीत. मागे घेते, पुन्हा लावते, वाटतं या खेपेला उठतील. मीच पाप्पी झालेय. सकाळी यांना उशिरा जाग आली तर मी नाकापुढे बोट धरून बघितलं. डोळे मिटूनच म्हणाले, "आहे अजून."

मग माझा बांध फुटला. म्हटलं, "मी तुमचं काय घोडं मारलंय? एवढं साधं हसू मागतेय. तुम्हाला काही झालं तर मी त्या काळ्या पट्टीकडे बघत बसू का जन्मभर?" आणि रडले. साठीच्या बाईने रडावं तशी नाही, पोरीसारखी, नाक गळेपर्यंत.

हे उठून जवळ आले. मग माझ्या पदराने माझंच नाक पुसलं आणि म्हणाले, "बरं. जाऊ या. पण तूही चल."

जिंकले! जिष्णूला लगेच फोन लावला. पाच तारीख ठरली.

५ जानेवारी

सगळं लिहिते. हात थांबला तर पुन्हा लिहिणार नाही.

पहाटेची बोट. धुकं इतकं की पाणी कुठे संपतं ते दिसत नव्हतं. जिष्णू आणि त्याचा कॅमेरावाला पुढे बसले होते, आम्ही दोघं मागे. बोटीचा आवाज कापसात गुंडाळल्यासारखा. मधूनच एखादा माड दिसायचा आणि विरघळायचा. मी खुशीत होते. डब्यात पुट्टू आणि काळे चणे घेतले होते, थर्मासमध्ये कोरा चहा.

शेखरेट्टन म्हणाले, "ओमने, ऐकून घे. पोटात गाठ आहे. ऑक्टोबरात कळलं. श्रीकलाच घेऊन गेली होती. डॉक्टर म्हणतात, विशूच्या सणापर्यंत, एप्रिलपर्यंत ओढलं तर पुष्कळ."

मला वाटलं संवाद म्हणतायत. मी वाट बघत राहिले की पुढे काय.

मग सदरे आठवले. खोकला, केक, पेटी, मोटर, श्रीकलाचं रडणं. सगळे तुकडे माझ्याच टेबलावर पडलेले आणि मी ते जोडले नाहीत. एक फ्रेम पुढे-मागे झाली तर मला खटकते, आणि माझ्याच घरात हे!

"मला का नाही सांगितलंत?" मी त्यांच्या दंडावर मारलं. खरंच मारलं. दंडात काहीच नव्हतं.

"सांगणार होतो," ते म्हणाले. "पण त्या दिवशी तू म्हणालीस ना, शेवट ठाऊक असला की भात दिसत नाही, मरणच दिसतं. भांडणसुद्धा धड होत नाही. मला तुझ्याशी धड भांडायचं होतं गं. तू धोब्याला शिव्या देत होतीस, श्रीकलाचं लग्न लावत होतीस, मला आळशी म्हणत होतीस. काय मजेत गेले दिवस! माझ्याकडे कोणी पाप्पीकडे बघतात तसं बघत नव्हतं."

मी जिष्णूला ओरडून सांगितलं, "बोट फिरव! नको ते हसू! बाकी राहू दे! काम बाकी राहू दे यांचं!" जिष्णू बावळटासारखा बघत राहिला. त्यालाही ठाऊक नव्हतं.

शेखरेट्टननी माझा हात घट्ट धरला. "आता आलोच आहोत. आणि राहिलं तर ते काळं तुलाच खुपेल. मी तुला ओळखतो. चल."

धक्क्यावर गेले. फळी तीच. आडवे झाले, हात छातीवर. कॅमेरा सुरू झाला. जिष्णूने हळूच म्हटलं, "आशान, उठा."

उठले. कॅमेऱ्याकडे बघितलं. आणि हसू येईना. ओठ हलवले, दात दाखवले, पण डोळे भरत होते. जन्मभर फुकटात हसलेला माणूस, आणि आज येईना. जिष्णूने मान खाली घातली. कॅमेरा चालूच.

मला कुठून संताप आला कळत नाही. मी सरळ फ्रेममध्ये शिरले. "ऑक्टोबरपासून मला नाटक दाखवलंत! फुकट! तिकिटाविना! आणि आता दोन घटका हसता येत नाही? कसले नट हो तुम्ही? प्रेतच व्हायच्या लायकीचे!"

आणि हे हसले. असे हसले की खांदे हलायला लागले, पोट धरलं, फळीवर कलंडले, माझा पदर ओढून मलाही खाली बसवलं. तेच हसू. नाकात चिखल नव्हता एवढंच. धुक्यातून कुणा होडीवाल्याने ओरडून विचारलं, "काय झालं हो तिकडे?"

चहा तिथेच प्यायलो. थंड झाला होता.

१४ जानेवारी

इस्पितळात आहेत. बोटीतल्या गारठ्यानंतर ताप आला तो उतरलाच नाही. मी श्रीकलाला विचारलं, "मी नेलं म्हणून झालं का गं? मी हट्ट केला नसता तर?" ती म्हणाली, "नाही अम्मायी. हे होणारच होतं." होणारच होतं. जिष्णूचा पाप्पीही असाच पळता पळता धक्क्याला लागायचा आणि मी त्याला हसायचे.

यांना सांगितलं तर म्हणाले, "तू नेलं नसतंस तर मी बोललोच नसतो. आणि न बोलता गेलो असतो तर तू माझ्या नावाने जन्मभर बोटं मोडली असतीस. बस इथे. संत्रं सोल."

सोललं. त्यांनी अर्धी फोड खाल्ली. मी फोडीकडेच बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

२९ जानेवारी

शेखरेट्टन गेले. सकाळी. चहा मागितला होता, दोन घोट घेतले.

४ मार्च

टेबलापाशी बसले. घरात मोटरचा आवाज फाटका येत होता, आधी ती बंद केली.

जिष्णू आला होता. निम्मा झालाय पोरगा. त्याला अजून शेवट सुचत नाही. पाप्पी दहाव्या सकाळी उठला तर चक्र तुटलं, म्हणजे माणूस मोकळा. नाही उठला तर सगळं आधीच ठरलेलं. "चेची, तुम्ही सांगा. बदलता येतं की नाही?"

मी म्हटलं, "नाही येत. मी इथे कितीदा मागे-पुढे केलं असेल. तोच धक्का, तीच फळी. पण तुझ्या आशाननी नवव्या सकाळी काही बदललं नाही, आणि तरी ती पहिल्या आठांसारखी नव्हती. एवढंच मला कळतं. पुढचं तू दाढी खाजवून काढ."

मग मी त्याला दाखवलं. नववं मरण, धुकं उठतं, शाळेची बोट येते. काळं. लोकांना वाटावं संपलं. आणि त्या काळ्यानंतर पाच जानेवारीचा तुकडा. पाप्पी उठून बसतो, हसू येत नाही, मग कुठूनशी एका बाईची पाठ फ्रेममध्ये घुसते, आंबाडा सुटलेला, हातवारे करतेय. आवाज मी काढून टाकलाय. काय बोलली ते आमच्या घरातलं आहे. आणि मग ते हसतात.

"हसरा तुकडा सिनेमात लावत नाहीत चेची," जिष्णू घाबरून म्हणाला.

"ठाऊक आहे. लाव."

१७ एप्रिल

विशूला सिनेमा लागला. घराजवळच्या थिएटरात रोज दुपारचा खेळ. मी पूर्ण बघत नाही. दारावरचा फ्रान्सिस मला ओळखतो, शेवटची दोन मिनिटं उरली की आत सोडतो. लोक काळं बघून उठलेले असतात, चपला शोधत असतात, आणि मेलेला माणूस उठून बसतो. मग सगळे होते तिथे थबकतात. काही जण परत बसतात. मी दाराशी उभी राहून यांचं हसू बघते आणि घरी येते.

२३ एप्रिल

आज तिकीट काढून आत बसले. पहिल्यापासून. आठ मरणं पार पडली. मग नववी सकाळ. शेखरेट्टननी चूल फुंकली, गूळ घातला, बायकोला पेला दिला, आपला घेतला. फुंकर मारली. घोट घेतला. थांबले. पुन्हा फुंकर मारली. मूठ पेल्याभोवती धरायची यांची सवय, तीच. मिशीला लागलेला चहा जिभेने पुसायची, तीही. मी बघत राहिले. चहाच दिसत होता. पुढचं काही दिसत नव्हतं. असं मला त्या टेबलावर कधी दिसलं नव्हतं.

मागच्या रांगेतली बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली, "केवढा वेळ चहाच पितोय हा म्हातारा! पुढे सरका म्हणावं."

मी वळून तिला म्हटलं, "पिऊ द्या हो त्यांना. तुम्हाला कसली घाई आहे?"